भित्रं मूल आणि पुढे केलेला हात

"मॅडम, आमचा मुलगा फार भित्रा आहे. या जगात याचा निभाव कसा लागायचा?" हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे सतत येतात. बहुतेक वेळा तो मुलग्यांबद्दलच असतो. बुजऱ्या मुलीची काळजी घेऊन फारसं कुणी येत नाही, आणि तेही मला खटकतं.

ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो मुलगा 9 वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सोसायटीच्या गेटपाशी कुत्री बसायची, म्हणून त्याने खाली खेळायला जाणं सोडलं. आधी क्रिकेट सुटलं, मग मित्र सुटले. वडिलांनी एकदा 'भीती मोडायची' म्हणून त्याला उचलून थेट कुत्र्यासमोर उभं केलं. त्यानंतर तो लिफ्टमधूनच बाहेर पडेना. वडील माणूस म्हणून चांगले. त्यांना लहानपणी विहिरीत ढकलून पोहायला शिकवलेलं, त्यामुळे भीतीवरचा तोच एक उपाय त्यांना ठाऊक होता.

सुरुवातीला तो माझ्याशी जेमतेम बोलायचा, पण वहीत चित्रं काढायचा. एका पानावर मोठ्या डोळ्यांचा काळा ड्रॅगन होता. शेपटीचा एक भाग खोडून पुन्हा वेगळ्या रंगाने काढलेला. "हा भाग नकली आहे, त्या मुलाने बनवून दिलाय," तो म्हणाला. त्याने इतकं लांब वाक्य माझ्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं.

चित्र होतं 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' या 2010 च्या अॅनिमेशनपटातलं. त्यात गावच्या व्हायकिंग मुखियाचा मुलगा हिकप अंगाने किडकिडीत, धांदरट. सगळं गाव ड्रॅगन मारण्यात मर्दुमकी मानतं. याच्या तावडीत एक जखमी ड्रॅगन सापडतो तेव्हा मात्र याचा सुरा चालत नाही. तो दोर कापून त्याला मोकळं करतो.

"का नाही मारलं त्याने?" मी विचारलं.

"तोपण घाबरलेला होता ना, मावशी."

"मग दोस्ती कशी झाली?"

यावर तो खुर्चीवरून उठला. एक हात पुढे केला, तळवा उघडा, आणि मान पार भिंतीकडे वळवली. "असं. आपण बघायचं नाही. मग तो स्वतः येतो."

त्या प्रसंगाकडे मी त्याआधी इतकं नीट पाहिलं नव्हतं. हिकप आधी सुरा पाण्यात लोटून देतो, मासा देतो. हात लावायची घाई केली की ड्रॅगन गुरगुरतो. शेवटी तो हात पुढे करून तोंड फिरवतो. उरलेलं वीतभर अंतर कापायचं की नाही, हे ड्रॅगनने ठरवायचं. पुढच्या भेटीत मी वडिलांना आत बोलावलं आणि मुलाला तेच पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मग वडिलांना म्हटलं, "तुम्हाला वाटतं तुमच्या मुलाने हिकप व्हावं. सध्या तो तुमच्या घरातला ड्रॅगन आहे. हात तुम्ही पुढे करायचाय, आणि घाई करायची नाही."

यामागचं शास्त्र जुनं आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली पीटर नावाच्या लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला गेला, आणि अखेर तो सशाशी खेळू लागला. आजही आम्ही मुळात हेच करतो. घाबरून पळ काढला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी पळ आणखी लवकर काढला जातो आणि भीती पोसली जाते. म्हणजे नुसतं टाळून चालत नाही, आणि ढकलूनही चालत नाही.

आम्ही पायऱ्या ठरवल्या, त्याही त्याच्याकडूनच. आधी कुत्र्यांचे फोटो, मग गॅलरीतून निरीक्षण, मग शेजारच्या इमारतीतली एक म्हातारी, लस दिलेली लॅब्रॅडॉर कुत्री, पट्टा मालकिणीच्या हातात. जमिनीवर खडूने रेघ तो स्वतः मारायचा. त्या दिवशी तिथपर्यंतच जायचं. छातीतली धडधड जरा ओसरेपर्यंत थांबायचं आणि मग परतायचं. वडिलांनी शेजारी उभं राहायचं, "अरे, काही करत नाही ती" हे वाक्य अजिबात म्हणायचं नाही. त्यांना ते फार जड गेलं, पण पाळलं त्यांनी.

या मुलाने रेघेवर उभं राहून जे टिपलं ते थक्क करणारं होतं. ती कधी कान मागे घेते, दमलेली नसताना जांभई कधी देते, अवघडली की ओठ कसे चाटते. कुत्रं अस्वस्थ असल्याच्याच या खुणा, आणि रोज फिरवणाऱ्या मालकिणीच्याही त्या लक्षात आल्या नव्हत्या. बुजरी मुलं आधी बघतात, मग हलतात. जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, वास, खेळणी देऊन पाहिली, तेव्हा साधारण पाचातलं एक बाळ जोरात हातपाय झाडून रडायचं. म्हणजे काही मुलांचा पिंडच तसा असतो. पण अशी सगळी बाळं मोठेपणी भित्री राहिली नाहीत. घरचे कसे वागतात, याने पुष्कळ फरक पडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे प्रयोग रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांवर करू नका. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्यांपासून लांबच राहायला शिकवा. कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस टाळू नका. आणि भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, शाळा, झोप, खेळ यांच्या आड येऊ लागली, तर 'मोठा झाला की जाईल' म्हणत बसू नका, तज्ज्ञांना दाखवा.

तो मुलगा आता खाली खेळायला जातो. गेटजवळच्या कुत्र्यांना वळसा घालूनच जातो, आणि ते योग्यच आहे. लॅब्रॅडॉरने त्याचा तळवा हुंगला त्या दिवशी वडील मला फोनवर धड बोलू शकले नाहीत. सध्या आमचं काम वर्गात हात वर करण्यावर चाललंय. त्याच्या पायऱ्याही त्यानेच लिहून आणल्या आहेत. पहिली पायरी आहे, बाईंना पाणी प्यायला जाऊ का असं विचारणं.