आठ तासांचं शूटिंग? आधी गुणाकार कर

भावा, पंचवटीतलं कीर्तन आठ तास सलग घ्यायचंय ना, मग आधी बिटरेट बघ, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा लिहितो ते, ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सव्वासहा एमबी) तासाला २२.५ जीबी लागतात म्हणजे आठ तासांचे झाले १८०, सरळ २५६ जीबीचं मेमरी कार्ड घे. त्यावर व्ही३० लिहिलेलं पाहिजे, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट (एमबी) लिहिणार, मोठ्या आकड्यात छापलेला स्पीड बघून भुलू नको, तो बहुतेकदा वाचायचा असतो. बरेचसे जुने मिररलेस कॅमेरे रेकॉर्डिंग करताना २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप बंद पडतात. मी रामकुंडावर असाच फसलो, आरतीच्या तासभर आधी रेकॉर्डिंग चालू केलं, लाल दिवा कधी विझला कळलंच नाही, हाती आली ती नुसती जागा धरून बसलेली गर्दी! त्यापेक्षा साधा कॅमकॉर्डर बरा. डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसते, वायर प्लगला जाते) लावून लाईटवर चालव पण मधे छोटा यूपीएस ठेव, मंडपातली लाईट कधी जाईल नेम नाही, आणि वायर टेपने चिकटव, पोरं पाय अडकवतातच. एप्रिलच्या दुपारी कॅमेरा तापतो, सावलीत ठेव. घरी आल्यावर दोन हार्डडिस्कवर कॉपी कर, फाईल शेवटपर्यंत चालते का बघ, मगच कार्ड फॉरमॅट मार.