बूट ६,५०० रुपयांचा, तरतूद मात्र ४५,००० ची

सांगलीहून एका ताईंनी लिहिलंय: वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना, गल्लीतलं किराणा दुकान एकट्याने सांभाळतात. उजव्या चवड्याखालची जखम दोन महिने झाले भरत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचा वॉकर बूट सांगितलाय, ६,५०० रुपयांचा. घरात शिल्लक फारशी नाही. १ लाखाची मुदतठेव आहे, ७ टक्क्यांची, संपायला ५ महिने. "ठेव मोडू, की बाबा म्हणतात तसं तोवर मलमपट्टीवर काढू?"

ताई, मोडू नका आणि थांबूही नका. ठेवीवर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त व्याजाने बँका ते सहसा देतात. ४५,००० रुपये ९ टक्क्यांनी ५ महिने वापरलेत तर व्याज १,७०० च्या आत. तेवढ्याच रकमेवर इकडे ठेव १,३०० मिळवत राहते. म्हणजे पदरचे गेले चारएकशे रुपये. ठेव मोडलीत तर बहुतेक बँका दंड लावतात, वर झालेल्या मुदतीचं व्याजही बहुधा कमी दराने मिळतं.

आता ६,५०० च्या बुटाला ४५,००० कशाला, ते सांगतो. मधुमेहाने पायाची जाणीव गेली की जखम दुखत नाही. माणूस बिनदिक्कत चालतो आणि दर पावलाला तीच जागा चेंगरते. बूट तो भार तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देतो, पण पायात असेल तेव्हाच. माझ्या मामांचा असाच बूट दाराआड चपलांच्या रांगेत उभा असायचा. बाहेरून आले की काढायचे. देवघर आहे, मामीने फरशी पुसलेली आहे, बूट घालून घरात कसं यायचं? न्हाणीघर, स्वयंपाकघर, अंगण, सगळी वर्दळ अनवाणी. जखम जागची हलली नाही. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या २००३ च्या एका अभ्यासात रुग्णांची जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून पडली होती.

म्हणून डॉक्टरांना एक विचारा: हाच बूट वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळून न निघणारा करता येईल का? २००१ च्या एका चाचणीत न निघणाऱ्या प्लास्टरने १२ आठवड्यांत सुमारे ९० टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, काढता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. जखमेत जंतुसंसर्ग असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते नाही म्हणतील. तो निर्णय त्यांचाच, माझा नाही.

माझ्या अखत्यारीतला खर्च दुकानाचा. बाबा दिवसभर गल्ल्यापाशी उभे राहणार, पोती सरकवणार, तर बुटाचे पैसे पाण्यात. तीन महिन्यांसाठी एक पोऱ्या ठेवा, महिना १०,००० धरा, आणि बाबांना स्टुलावर बसवा. पोऱ्याचे ३०,०००, बूट ६,५००, दर आठवड्याच्या ड्रेसिंगचे ५०० धरून ६,०००, झाले ४२,५००. उरलेल्यातून डाव्या चपलेचा तळ चांभाराकडून बुटाइतका उंच करून घ्या. पाय खालीवर राहिले तर कंबर धरते, तोल जातो. बाकी रिक्षाला. बाबांना स्कूटर चालवू देऊ नका.

आरोग्य विम्याच्या पॉलिसीतून बुटाचे पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. विमा ज्यांचे पैसे सहसा देत नाही त्या वस्तूंच्या यादीत मधुमेहींची पादत्राणं नावानिशी आहेत.

ठेव पिकली की कर्ज फेडून उरलेल्यातले ५,००० वेगळे काढा. भरलेली जखम वर्षभरात परत होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे बूट सुटला की मापाची एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) चप्पल लागणारच, आणि तीही घरातसुद्धा घालायची.

ठेव बाबांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच लागेल. पण त्यांना बँकेपर्यंत चालवत नेऊ नका. आधी फोन करा. बऱ्याच बँका हे कर्ज ॲपवरूनही देतात.