घरी कुटलेला मसाला दिवाळीपर्यंत बेचव का होतो? फ्रीजमध्ये ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की दर मे महिन्यात गावाहून काकू दोन किलो कांदा-लसूण मसाला आणि किलोभर गोडा मसाला पाठवतात, खाणारी माणसं दोनच, आणि यंदा हिंगाचे खडे घालूनसुद्धा गोड्या मसाल्यात बारीक तपकिरी किडे निघाले. तर फ्रीजचं उत्तर आधी देते: चालेल, पण रोज उघडायची बरणी फ्रीजमध्ये नको. आणि दोघांसाठी वर्षाचा गोडा मसाला एकदम करणं बंदच करा. काकूंना वाईट वाटेल, पण मिरचीचं काम त्यांच्याकडेच ठेवलंत तर राग राहणार नाही.

सगळे मसाले सारखे टिकत नाहीत, आणि आपण मात्र सगळ्यांना एकच नियम लावतो. नुसतं लाल तिखट किंवा खोबरं न घातलेला मालवणी मसाला म्हणजे कोरडा कारभार. फार तर रंग उतरतो, वास कमी होतो. वर्षभर खाता येतो. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात. कांदा-लसूण मसाल्यात खोबरं, तळलेला कांदा आणि वर भरपूर तेल. हे तेल हवेने खवट होतं आणि त्यावर हिंगाचा काही इलाज चालत नाही. कांदा-लसूण मसाला मिठामुळे जरा तग धरतो, तरी फ्रीजची खरी गरज त्यालाच आहे. चिमूट जिभेवर ठेवा. जुन्या खोबऱ्याची चव आली आणि घशाशी खवखवलं, तर तो मसाला टाकून द्या. आमटीत गूळ वाढवून ती चव लपत नाही.

किड्यांबद्दल. ते बहुतेक वेळा धण्यांबरोबर, मिरच्यांबरोबर किंवा हळकुंडांबरोबर अंड्यांच्या रूपात घरात येतात. हिंगाच्या वासाने बाहेरचे थोडे लांब राहत असतील, आत असलेले मरत नाहीत. पातळ प्लॅस्टिकची पिशवी ते कुरतडून पार करतात, म्हणून त्याच कपाटातला रवा, बेसन, जुनी हळद हेही एकदा चाळून बघा. नवे धणे आणले की मी ते घट्ट बांधलेल्या पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतला गारवा पूर्ण जाऊ द्यायचा. नाहीतर हवेतला दमटपणा धण्यांवर बसतो आणि केलेलं सगळं वाया जातं.

दमटपणा हाच मसाल्याचा मोठा शत्रू, आणि तो शिरतो दोन ठिकाणी. एक म्हणजे कांडपावरून आणल्या आणल्या. मसाला आणताना डब्याला हात लावून बघा, चांगला गरम असतो. तसाच बरणीत दाबून भरला की आतली वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली येते आणि महिन्याभरात गुठळ्या दिसू लागतात. परातीत पातळ पसरायचा, वर सुती पंचा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी भरायचा. त्याआधी मिरच्याही खडखडीत वाळलेल्या हव्यात: हलवली की आतलं बी वाजलं पाहिजे आणि वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. ब्याडगीच्या बाबतीत जास्तच बघा, तिचं साल सुरकुतलेलं असतं आणि घडीत ओल राहते.

दुसरं ठिकाण रोजचं. मिसळणाचा डबा गॅसशेजारी उघडा, चमचा उकळत्या आमटीवर नेऊन झटकायचा आणि तोच परत हळदीत. चमचा वाफेने ओला होतो, हे लक्षातही येत नाही. मसाला आधी वाटीत काढा आणि मग भांड्यात टाका. मिसळणात आठ-दहा दिवसांचंच भरा. उरलेलं पाव-पाव किलोच्या घट्ट पुड्या करून फ्रीजमध्ये. एक पुडी काढली की ती बाहेरच राहील, परत आत जाणार नाही. काचेची बरणी दिसायला छान, पण उजेडात तिखटाचा रंग उडतो, तेव्हा ती बंद कपाटात. गॅसच्या वरची फळी मात्र मसाल्यासाठी सगळ्यात वाईट जागा, आणि नेमकी तीच आपण वापरतो.

गोडा मसाला घरी थोडा थोडा करा. माझं प्रमाण: धणे पाव किलो, तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं पन्नास-पन्नास ग्रॅम, जिरं पंचवीस ग्रॅम, मूठभर दगडफूल, आणि लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, शहाजिरं, नागकेशर आपापल्या आवडीने. दगडफुलात खडे-माती असते, ती निवडा, आणि ते थेंबभर तेलात परता. कोरडं टाकलं तर त्याचा वास उघडतच नाही. खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजा. मिक्सर सलग चालवू नका, थांबत थांबत फिरवा. भांडं तापलं की आधी सुवास जातो. दोन महिन्यांत संपेल एवढंच.

खडा मसाला अख्खाच ठेवा. वेलची सालीतच, सोललेले दाणे लवकर फिके पडतात. जायफळ लागेल तेव्हा किसायचं.

आता तुमच्याकडे उरलेलं. किडे लागलेला गोडा मसाला चाळून वापरायचा विचार असेल तर तो सोडा, टाकून द्या. कांदा-लसूण मसाल्याची परीक्षा अशी: पळीत चमचाभर तेल तापवा, गॅस बंद करा आणि चिमूटभर मसाला टाका. लगेच लसणाचा आणि मिरचीचा वास आला तर पुड्या करून फ्रीजमध्ये ठेवा आणि मिसळ, झुणका, भरली वांगी यांत आधी तोच संपवा. नुसता तेलकट, जुनाट वास आला तर काकूंना फोन करून पुढच्या वर्षी अर्धा किलोच पाठवा म्हणावं.