फट कुणी बुजवली?

प्रिय मित्रा,

फँटसी रोल-प्लेइंग गेम्सच्या कथांमधले प्लॉट होल, म्हणजे कथेत राहून गेलेल्या विसंगतीच्या फटी, समजावून सांगणारा तुझा मसुदा वाचला. खेळलेलं तुला बारकाईने आठवतं, आणि ज्या गेमच्या चुका काढतोस त्याच्यावर तुझा जीव आहे हे जागोजागी जाणवतं. म्हणूनच चार कौतुकाचे शब्द लिहून मोकळा होत नाही. मला एकच मोठी अडचण दिसते. प्रत्येक फट तू स्वतःच बुजवली आहेस. उत्तरं कल्पक आहेत, पण ती तुझी आहेत. गेमने दिलेलं उत्तर कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही.

एरिथ या नायिकेचंच घे. १९९७ च्या फायनल फँटसी ७ मध्ये खलनायक सेफिरॉथ तिला मारतो, तेव्हा लढाईत पडलेल्याला उठवणारे फिनिक्स डाउन आपल्याकडे पडून असतात. मग ते का नाही वापरले? तू लिहितोस की सेफिरॉथच्या तलवारीवर जेनोव्हा या परग्रहावरच्या जीवाच्या पेशींचा असर होता. हे गेममध्ये कोण म्हणतं? कुणीच नाही. प्रश्न रास्त आहे, कारण त्या वस्तूच्या वर्णनातच जीव परत आणण्याची भाषा आहे. पण उत्तर शोधायला तू त्याच मालिकेत थोडं मागे जायला हवं होतंस. १९९२ च्या फायनल फँटसी ५ मध्ये आपल्या गटातला म्हातारा गलुफ खलनायक एक्सडेथशी एकटा झुंजतो. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, शून्यावर येतात, तरी तो पडत नाही, लढतच राहतो. लढाई संपल्यावर तो कोसळतो आणि त्याचे सोबती आपण रोज वापरतो तेच सगळे उपाय त्याच्यावर करून बघतात. बरं करणारे मंत्र, उठवणारे मंत्र, फिनिक्स डाउनसुद्धा. कशाचाही उपयोग होत नाही. लढाईत शून्यावर येणं वेगळं आणि कथेत मरणं वेगळं, हे तिथे तोंडाने सांगितलेलं नाही, करून दाखवलंय. पाच आणि सात या भागांची जगं वेगळी आहेत, त्यामुळे याला पुरावा म्हणता येणार नाही. पण ती मालिका मृत्यूकडे कशी बघते हे यातून कळतं, आणि तुझ्या पेशींपेक्षा त्याचं वजन जास्त आहे. गलुफचा तो प्रसंग आजही मला हलवून सोडतो. खेळला नसशील तर लेख बाजूला ठेव आणि आधी तो खेळ.

फायनल फँटसी ८ बद्दल तू उलट टोकाला गेला आहेस. एक रिनोआ सोडली तर सगळी मुख्य पात्रं एकाच अनाथालयात वाढली आणि जवळजवळ कुणालाच ते आठवत नाही, यावर तू ‘लेखकांचा आळस’ असा शिक्का मारलास. आता नीट बघ. गार्डियन फोर्स, म्हणजे लढाईत मदतीला बोलावायच्या शक्ती, वापरल्याने स्मृती जाते असा आक्षेप घेतला जातो, ही माहिती खेळाच्या सुरुवातीलाच, बालांब गार्डन या लष्करी शाळेतल्या अभ्यासाच्या संगणकावर वाचायला मिळते. अर्व्हाइनला सगळं आठवतं, कारण त्याने तोवर गार्डियन फोर्स वापरलेलाच नव्हता. आणि सेल्फी? ती तर दुसऱ्या गार्डनमधून आलेली, गार्डियन फोर्स नुकताच वापरू लागलेली, मग ती कशी विसरली? लेखकांना हा प्रश्न सुचला होता. बाराव्या वर्षी सरावाच्या वेळी एका राक्षसाच्या आत आपल्याला एक गार्डियन फोर्स सापडला होता, तो काही काळ वापरलाही होता, असं ती सांगते. आणि त्याचं नावही तिला आता आठवत नाही. इतका जपून टाका आळशी माणूस घालत नाही. उत्तर पटतं का, हा वेगळा प्रश्न. मला ते अर्धंच पटतं. एवढा मोठा उलगडा बास्केटबॉलच्या मैदानावरच्या एका संभाषणात उरकायला नको होता. पण मला न पटलेलं उत्तर आणि गेमने न दिलेलं उत्तर यांत फरक आहे, आणि लेखात तो शब्दांतून दिसला पाहिजे.

घाईच्या कथेत रेंगाळणारा नायक, हा तुझा पुढचा मुद्दा. द विचर ३ मध्ये सिरीच्या जिवावर बेतलेलं असताना नायक गेराल्ट ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे डाव मांडतो, त्याला होल म्हणू नकोस. तो खेळणाऱ्याला दिलेला मोकळेपणा आहे, त्याची किंमत कथेने जाणूनबुजून मोजली आहे. बाल्डर्स गेट ३ मात्र त्या यादीत नकोच. डोक्यात अळी गेल्यावर काही दिवसांत माणसाचा माइंड फ्लेअर नावाचा राक्षस होतो असं पहिल्याच अंकात सांगतात आणि तरी रात्रींवर रात्री झोपून काही होत नाही. ‘अजून कसे बदललो नाही?’ हे कोडं पात्रांनाही पडतं, ती आपसात त्यावर बोलतात, आणि पुढची सगळी कथा त्याच प्रश्नाच्या मागे चालते. ज्याला तू खड्डा म्हणतोस तो तिथला दरवाजा आहे.

आता खरा प्लॉट होल. तू तो घेतलेला नाहीस, बहुधा फॉलआउट ३ फँटसी नाही म्हणून. तरी घे, कारण इतकं स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. २००८ च्या मूळ गेमच्या शेवटी प्राणघातक किरणोत्सर्ग भरलेल्या खोलीत कुणीतरी जाऊन यंत्र सुरू करायचं असतं. तुमच्यासोबत फॉक्स नावाचा सुपर म्युटंट असू शकतो. किरणोत्सर्गाने त्याला काही होत नाही, आणि याआधी त्याने अशाच किरणोत्सर्गातून तुमच्यासाठी वस्तू आणूनही दिलेली असते. त्याला विनवलं तर तो म्हणतो की हे तुझं प्राक्तन आहे. इथे शोधायला काही उरत नाही. लेखकांना त्यागाचा शेवट हवा होता आणि त्यांनीच घडवलेलं पात्र त्या शेवटाच्या आड येत होतं. खेळणाऱ्यांनी धारेवर धरलं आणि २००९ मध्ये आलेल्या ब्रोकन स्टील या डीएलसीने, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागाने, फॉक्सला आत पाठवायची सोय केली. अशा वेळी समजावून सांगणाऱ्याचं काम एवढंच: विसंगती कुठे आहे ते दाखवायचं, ती कशासाठी पत्करली गेली ते सांगायचं, आणि थांबायचं. फॉक्सच्या नकारामागे कसलं गूढ तत्त्वज्ञान रचू नकोस.

मग फट बुजवायची तरी कशी, हे ज्यांनी मला शिकवलं त्या द एल्डर स्क्रोल्स मालिकेकडे येतो. तू तिला दोन परिच्छेद दिलेस. माझं ऐकशील तर अर्धा लेख दे.

१९९६ च्या डॅगरफॉलमध्ये न्यूमिडियम नावाचा पितळेचा महाकाय पुतळा आहे आणि त्याला चालवणारं एक टोटेम आहे. ते कुणाच्या हाती द्यायचं हे खेळणारा ठरवतो. साम्राज्याला द्या, इलियॅक उपसागराकाठच्या एखाद्या राज्याला द्या, ऑर्क लोकांच्या गॉर्टवॉगला द्या, अंडरकिंगला द्या, नाहीतर मॅनिमार्को या मृतात्म्यांच्या जादूगाराला. प्रत्येकाचा शेवट निराळा आणि एक खरा धरला तर बाकीचे खोटे पडतात. पुढचा भाग लिहायला बसलेल्यांपुढे सोपा रस्ता होता: एक शेवट अधिकृत ठरवायचा. त्यांनी तसं केलं नाही. सगळे शेवट एकदम घडले, असं त्यांनी ठरवलं.

नुसतं एवढंच सांगितलं असतं तर ती पळवाट ठरली असती, आणि तुझ्या मसुद्यात ‘ड्रॅगन ब्रेकमुळे सगळं जमून गेलं’ एवढंच वाक्य आहे. जमलं कसं ते बघ. त्या जगात काळाचा देव अकाटोश हा ड्रॅगन आहे. काळ तुटतो तेव्हा ड्रॅगन तुटला असं म्हणतात, म्हणजे ही कल्पना आधीपासूनच्या देवकथेत रुजलेली आहे. २००२ च्या मॉरोविंडमध्ये तशाच एका जुन्या घटनेच्या साक्षी जमवलेला ग्रंथ सापडतो, आणि त्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये डॅगरफॉलच्या शेवटावरचा अहवाल वाचायला मिळतो. त्या उपसागराभोवती फ्रॉस्टफॉल महिन्याच्या नवव्या दिवशी ४४ लहानमोठी राज्यं होती आणि अकराव्या दिवशी ४ उरली. मधे काय झालं हे कुणालाच सलग सांगता येत नाही. लोक त्याला शांतीचा चमत्कार म्हणतात. अहवाल वाचताना मात्र कळतं की त्या दोन दिवसांत माणसं मेली, मुलूख उद्ध्वस्त झाले, आणि कशासाठी ते त्यांना कधी समजलं नाही.

आणि मॅनिमार्को? एका शेवटात तो देव होतो. ऑब्लिव्हियनमध्ये तो ‘नेक्रोमॅन्सर्स मून’ नावाचा चंद्र होऊन आकाशात असल्याचं सांगतात, मेलेल्यांची जादू करणारे त्याची उपासना करतात, आणि त्याच गेममध्ये एका गुहेत हाडामांसाचा मॅनिमार्को तुमच्यासमोर उभा राहतो, मारला जाऊ शकतो. दोन्ही खरे. फटीतून जन्मलेला हा विरोधाभास त्यांनी झाकून ठेवला नाही, त्यावर एक क्वेस्ट, म्हणजे खेळणाऱ्यासाठीची मोहीम, उभी केली.

मी तुला जे सांगू पाहतोय ते एवढंच आहे. कथेत दिलेलं स्पष्टीकरण खरं वाटतं, जेव्हा त्याची झळ त्या जगातल्या कुणाला तरी बसते. तुझ्या जेनोव्हाच्या पेशींची झळ कुणालाच बसत नाही. त्या फक्त तुझा प्रश्न मिटवतात. ड्रॅगन ब्रेकने एक प्रश्न मिटवताना दहा नवे उभे केले आणि ते त्या जगातल्या माणसांच्या अंगावर टाकले.

याच मालिकेतलं सिरोडिलचं जंगल तू अजिबात घेतलेलं नाहीस, ते जरूर घे. १९९८ च्या रेडगार्ड या गेमसोबत आलेल्या पुस्तिकेत सिरोडिल घनदाट जंगलाचा देश आहे. ऑब्लिव्हियनमध्ये गेलो तर थंड हवा, ओक वृक्ष, हिरवी कुरणं. बनवणाऱ्यांनी वेगळा देश रंगवायचं ठरवलं, हे त्याचं साधं कारण. पण त्याच गेममध्ये मॅनकार कॅमोरनच्या ग्रंथात एक ओझरतं वाक्य आहे, की लाल राजाची भूमी एके काळी जंगल होती. २०११ च्या स्कायरिममध्ये व्हाइटरनच्या चौकात हेमस्कर नावाचा प्रवचनकार ओरडून ओरडून टालोसचं वचन सांगत असतो: तुम्ही माझ्यासाठी सोसलंत, तुम्हाला हे जंगल किती नकोसं आहे ते मी पाहतो. म्हणजे देवत्वाला पोचलेल्या सम्राटाने सैनिकांसाठी हवामानच बदललं. नंतरच्या द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये तर त्या जगातले पंडित यावर वाद घालतात आणि जंगलाचा उल्लेख ही नकलनविसाची चूक होती असंही एक मत तिथे नोंदलेलं आहे. त्यातलं कुठलं खरं हे गेम सांगत नाही, तूही सांगू नकोस. कोण बोलतंय ते मात्र दर वेळी सांग. हेमस्कर भक्त आहे, कॅमोरन शत्रू आहे. दोघांच्या तोंडचं वाक्य ‘गेम म्हणतो’ म्हणून उतरवलंस तर साक्षीदाराची कैफियत निकाल म्हणून छापल्यासारखं होईल.

तेव्हा मसुदा पुन्हा लिहिताना प्रत्येक मुद्द्यावर आधी गेममध्ये काय सापडलं आणि कुणाच्या तोंडून, ते लिही. सापडलं नसेल तर कुठे कुठे शोधलंस तेही लिही: संवाद, पुस्तकं, वस्तूंची वर्णनं, डीएलसी. त्यानंतर तुझा तर्क खुशाल मांड, पण ‘मला असं वाटतं’ म्हणून. तुझे काही तर्क सुंदर आहेत, त्यांना उसना अधिकार लागत नाही. एरिथचा भाग गलुफपासून सुरू कर. अनाथालयावरचा शिक्का काढ. बाल्डर्स गेट ३ पूर्ण गाळ.

स्कायरिमच्या यादवीचा परिच्छेद मात्र जसा आहे तसा ठेव. साम्राज्य जिंकलं की स्टॉर्मक्लोक बंडखोर, हे खेळणाऱ्यावर सोडलंय. पुढच्या भागात ते कसं निस्तरणार हे आज कुणालाच सांगता येणार नाही, असं लिहून तू तिथे थांबलास. त्यात एक शब्दही वाढवू नकोस. नवा मसुदा झाला की पाठव, लगेच वाचतो.

तुझा स्नेही