प्रवेशपरीक्षा पाच आठवड्यांवर आली असताना अभ्यासाने पार थकून गेलो आहे. काही दिवस थांबावे की तसेच रेटावे?

तुम्ही लिहिले आहे की रोज बारा तास बसूनही एकच पान पुन्हा पुन्हा वाचावे लागते, सराव परीक्षांतले गुण महिनाभर घसरत आहेत, झोप पाच तासांवर आली आहे आणि जरा उठले तरी अपराधी वाटते. माझ्या मते पूर्ण थांबूही नये आणि रेटूही नये. बैठकीचे तास कमी करावेत, ते झोपेला द्यावेत, आणि उरलेल्या वेळात वाचन जवळजवळ बंद करून आठवून लिहिण्याचे काम करावे.

मी अशा परीक्षांच्या तयारीसाठी शिकवतो, त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांतले सरावाचे पेपर दरवर्षी माझ्या हाताखालून जातात. दमलेल्या विद्यार्थ्याचा पेपर कच्च्या विद्यार्थ्याच्या पेपरापेक्षा वेगळा दिसतो. कच्चा विद्यार्थी प्रश्न सोडून देतो किंवा सूत्रच चुकीचे लावतो. दमलेल्याचे सूत्र बरोबर असते, कच्च्या कामातली आकडेमोडही शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर असते आणि नेमके तिथे उणे चिन्ह गळते. ‘पुढीलपैकी कोणते विधान असत्य आहे’ असे विचारले असताना तो पहिले सत्य विधान दिसताच त्यावर खूण करून मोकळा होतो. तुमचे मागचे दोन-तीन पेपर काढा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘येत नव्हते’ किंवा ‘येत असून चुकले’ एवढेच लिहा. दुसऱ्या प्रकारच्या चुका जास्त निघाल्या, तर गुण घसरण्याचे कारण अभ्यास अपुरा असणे हे नाही, आणि आणखी दोन तास बसल्याने त्या कमी होणार नाहीत. वाढण्याचीच शक्यता अधिक.

अडचण अशी की आपण किती दमलो आहोत आणि आपल्याला किती येते, हे दोन्ही अंदाज नेमके या अवस्थेत चुकतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी प्रौढांना सलग 14 रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले होते. शेवटी त्यांची एकाग्रता आणि कार्यस्मृती (हातातल्या कामापुरते डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता) जवळपास एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खालावली होती, मात्र स्वतःला किती झोप येते आहे असे विचारल्यावर त्यांच्या उत्तरांत सुरुवातीच्या काही दिवसांनंतर फारशी वाढ दिसली नाही. ‘मला पाच तास पुरतात, आता सवय झाली आहे’ या विधानावर म्हणूनच मी विश्वास ठेवत नाही.

ज्ञानाच्या अंदाजाचेही तेच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला तो वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. तरीही आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. थकलेला माणूस पुन्हा वाचण्याकडेच वळतो, कारण त्याला कमीत कमी कष्ट पडतात, पान ओळखीचे वाटते आणि दिवस कारणी लागल्याचे समाधानही मिळते. तुमचे बारा तास बहुधा असेच जात असावेत.

म्हणून पहिले तीन दिवस फक्त झोप सावरा. उठण्याची वेळ परीक्षेच्या दिवशी उठावे लागेल तीच ठेवा आणि रात्री निदान साडेसात-आठ तास मिळतील असे झोपा. संध्याकाळचा चहा-कॉफी बंद करा. कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. या तीन दिवसांत थोडा हलका अभ्यास चालेल, किंवा एक पूर्ण दिवस सुट्टी घेतली तरी बिघडत नाही. आठवडाभर सुट्टीचा सल्ला मात्र मी देत नाही, कारण उरलेल्या दिवसांचा हिशेब डोक्यात सतत चालू राहतो आणि विश्रांती नावापुरतीच मिळते. (मित्रांचे गुण विचारत फोनवर बसणे हीसुद्धा विश्रांती नव्हे.)

चौथ्या दिवसापासून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर एका प्रकरणाचे जे आठवेल ते लिहा: सूत्रे, आकृत्या, अपवाद. मग पुस्तक उघडून जे सुटले ते वेगळ्या शाईने भरा आणि तेवढेच वाचा. हे काम वाचनापेक्षा पुष्कळ थकवते, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठावेच लागते आणि दिवसात सहा-सात तासांहून अधिक होत नाही. तेवढे पुरे आहे. पूर्ण सराव परीक्षा तीन-चार दिवसांतून एकदाच, खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच द्या आणि त्यानंतरचा अर्धा दिवस चुका तपासण्यासाठी राखून ठेवा.

एक गोष्ट मात्र वेळापत्रकाने सुटणारी नाही. अंथरुणावर पडूनही झोप लागत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा; आणि जगणे नकोसे वाटत असेल, तर घरातल्या कुणाला तरी आजच सांगा आणि डॉक्टरांकडेही आजच जा. त्यापुढे परीक्षेची तारीख गौण आहे.

राहता राहिला न झालेल्या प्रकरणांचा प्रश्न. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहून, ज्यांवर दरवर्षी हमखास प्रश्न येतात अशी दोन-तीन प्रकरणे निवडा आणि ती पुढच्या तीन आठवड्यांत करा. बाकीची सोडून द्या. शेवटच्या दोन आठवड्यांत नवे काहीही उघडू नका. सोडलेल्या प्रकरणांवरचे प्रश्न आले आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असतील, तर निदान दोन पर्याय खात्रीने बाद करता येत नसताना ते कोरेच ठेवा.