केमिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्ही आवडतात, मग बारावीनंतर नेमकं काय घ्यावं?

सरळ उत्तर: बायोकेमिस्ट्री, म्हणजे सजीवांच्या आत चालणारी केमिस्ट्री. पण शेजारी आणखी दोन-तीन दारं आहेत, तीही उघडून बघा.

दह्याचंच घ्या. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात, लॅक्टिक आम्ल सोडतात. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला की केसिन हे प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं. जिवाणू बायोलॉजीचे, आम्ल केमिस्ट्रीचं, वाटी एकच! १८९७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एदुआर्द बुखनर यांनी दाखवलं की यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रससुद्धा साखर आंबवतो, जिवंत पेशी लागतेच असं नाही. बायोकेमिस्ट्रीचा पाया तिथे पक्का झाला.

औषधाचा रेणू स्वतः बनवायची हौस असेल तर मेडिसिनल केमिस्ट्री. ते औषध शरीरात काय करतं यात रस असेल तर फार्माकॉलॉजी. केमिकल बायोलॉजी मात्र माझी आवडती: जिवंत पेशीला धक्का न लावता तिच्यातल्या रेणूला रासायनिक खूण चिकटवायची. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच्याशी जोडलेलं आहे, ते मिळवणाऱ्यांपैकी एक, कॅरोलिन बर्टोझी, यांचं काम जरूर वाचा.

'बायोटेक' हे नाव ऐकून भाळू नका, आधी अभ्यासक्रम बघा. काही ठिकाणी केमिस्ट्री तोंडी लावण्यापुरतीच असते. पुण्यात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), मुंबईत माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), तिथलं संशोधन त्यांच्या संकेतस्थळांवर चाळा.

आणि हो, गणित सोडू नका. एन्झाइमचा (पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाचा) वेग मोजायला कॅल्क्युलस लागतंच.