मुलीच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर होता. तो आनुवंशिक असतो का? स्थळाला होकार द्यावा का?

नकार द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण आनुवंशिकतेचं नाव पुढे करू नका.

माझ्या चुलत बहिणीचं जमत आलेलं लग्न याच कारणावरून मोडलं. काकांना दिवसभर खर्रा लागायचा. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटून घ्यायचे आणि पुडी शर्टाच्या खिशात टाकायचे. हळूहळू तोंड उघडेना, दोन बोटंही आत जाईनात, तिखट सोसेना. तरी "मले काही होत नाही" चालूच. गालातली जखम दाखवायला नेलं तोवर मानेत गाठ आली होती.

तेरवीला आत्या म्हणाली, "आपल्या रक्तातच आहे ते." हेच पुढे पाहुण्यांच्या कानावर गेलं. पोरगी पसंत होती, पण मध्यस्थाकडून निरोप आला, "पुढच्या पिढीत उतरलं तर?" हा मुद्दा काढणारे मुलाचे काका पोह्यांच्या दिवशी थुंकायला सारखे अंगणात जात होते.

तोंडाचं अस्तर सतत झिजतं, म्हणून तिथल्या पेशी सारख्या विभागतात. दर विभाजनाआधी पेशीतल्या डीएनएची, म्हणजे सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांत लिहिलेल्या आनुवंशिक माहितीची, नक्कल होते. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं डीएनएला चिकटतात आणि नकलेत चुका वाढतात. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ च्या अहवालात म्हटलंय. बहुतेक चुका पेशी दुरुस्त करते. दुरुस्ती जमली नाही तर पी-५३ नावाचं जनुक तिचं विभाजन थांबवतं किंवा तिला मारून टाकतं. तेच बिघडलं की पेशीला आवर घालणारं फारसं काही उरत नाही. पण हा सगळा बिघाड गालातल्या पेशींत झालेला असतो. मुलांना डीएनए मिळतो तो शुक्राणू आणि बीजांडातला. काकांच्या गालातलं बहिणीकडे येणार कुठून?

आत्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, कारण तिचं वाक्य आता काकांचा मुलगा वापरतो. "रक्तातच आहे तर सोडून काय फायदा?" म्हणतो आणि पुडी उघडतो. सोडल्याने धोका कमी होतो, हे त्याला ऐकायचंच नाही.

हां, काही कॅन्सर खरंच घराण्यात चालतात, साधारण ५ ते १० टक्के. मुलीच्या आईला, मावशीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए जनुकांची तपासणी करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारावं. दोष सापडला तरी कॅन्सर होतोच असं नाही. पण धोका बराच वाढतो, म्हणून तपासण्या लवकर सुरू कराव्या लागतात. त्यावरूनही लग्न मोडू नये असं माझं मत आहे.

तुमच्या घरी कुणी खर्रा खातं का, ते तुम्ही लिहिलं नाही. खात असेल तर त्याचं तोंड उघडून बघा. पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम दिसली तर लगेच दंतवैद्याकडे न्या.